मेंढीच्या सुखाचे दहा युरो

एका शिक्षक-शिबिरात 'मोजमाप' या विषयावर बोलताना आम्ही सहज एक उदाहरण दिले. आयर्लंडमध्ये २०१७ साली सरकारने मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांसाठी एक योजना सुरू केली. मेंढ्यांची ठरवून दिलेली काळजी घ्यायची आणि त्याबद्दल वर्षाला दर मेंढीमागे दहा युरो घ्यायचे. शिबिरात हशा पिकला. तो ओसरल्यावर मागच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारले, "पण काळजी नीट घेतली, हे सरकारला कळतं कसं? मेंढी तर काही सांगणार नाही!"

बाईंचा प्रश्न आमच्या उदाहरणापेक्षा चांगला होता. वेळ संपत आली होती म्हणून आम्ही तेव्हा काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. पुढे या प्रश्नाचा माग काढत गेलो, तेव्हा त्यात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि थोडे अर्थशास्त्रही एकत्र आलेले दिसले. त्यांना देणे असलेले उत्तर म्हणजे हा लेख.

आधी डोकी मोजली

आयर्लंड हा पावसाळी, हिरवागार देश. त्याच्या पश्चिमेकडच्या मेयो, गॉलवे, डॉनेगॉल या परगण्यांतल्या डोंगरउतारांवर शेती फारशी पिकत नाही. तिथे मेंढ्याच चरतात. या मेंढ्या मुख्यतः मांसासाठी पाळतात. लोकर दुय्यम, किंबहुना अलीकडे लोकर विकून येणाऱ्या पैशांतून ती कातरण्याची मजुरीही बऱ्याचदा निघत नाही.

आयर्लंड १९७३ साली युरोपीय आर्थिक समुदायात सामील झाला. १९८० साली या समुदायाने मेंढीच्या मांसाच्या बाजारासाठी एक सामाईक व्यवस्था आणली. तिच्यात शेतकऱ्याला दर मादी मेंढीमागे अनुदान मिळू लागले. अट सोपी होती. ठरावीक १०० दिवस ती मेंढी शेतकऱ्याजवळ असली पाहिजे. ती धडधाकट आहे की खंगलेली, हा प्रश्न हिशेबात नव्हता. मोजायचे होते ते फक्त डोके.

पुढे काय झाले असेल, याचा अंदाज आपण करू शकता. डोक्यामागे पैसे मिळतात म्हटल्यावर डोकी वाढली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत आयर्लंडमधील मेंढ्यांची संख्या दुपटीहून अधिक झाली. डोंगर मात्र तेवढेच राहिले. उतारांवरची हेदर नावाची खुरटी झुडपे मेंढ्यांनी मुळापर्यंत कुरतडली. खालची पीट, म्हणजे हजारो वर्षे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी माती, उघडी पडली आणि पावसाबरोबर ओढ्यांत वाहून गेली. मेयो परगण्यातील ओवेनडफ-नेफिन बेग हा प्रदेश हेदरमध्ये राहणाऱ्या रेड ग्राउस या पक्ष्याचे घर. तिथली अतिचराई रोखण्यासाठी पुरेसे उपाय केले नाहीत, म्हणून युरोपीय न्यायालयाने जून २००२ मध्ये आयर्लंडविरुद्ध निकाल दिला.

यात शेतकऱ्याला दोष देऊन चालणार नाही. सरकारने जे मोजले, ते त्याने वाढवले. २००५ सालापासून आयर्लंडमध्ये ही डोक्यामागची पद्धत बंद होऊन अनुदान जनावरांच्या संख्येपासून वेगळे करण्यात आले. मग प्रश्न आला तो असा: मेंढ्या पाळणाऱ्याला मदत तर करायची आहे, पण पुन्हा मेंढ्यांची गर्दी होऊ द्यायची नाही. हे कसे साधायचे?

२०१७ च्या मेंढी-कल्याण योजनेने यावर एक युक्ती योजली. दहा युरो मेंढीमागे द्यायचे खरे, पण किती मेंढ्यांचे द्यायचे, ती संख्या मागच्या वर्षांच्या मेंढी-गणनेवरून आधीच ठरवून टाकायची. समजा, एखाद्याच्या नावावर १०० मेंढ्यांची नोंद आहे. त्याला जास्तीत जास्त १,००० युरो मिळणार. उद्या त्याने दीडशे मेंढ्या पाळल्या तरी १,००० च. म्हणजे जादा मेंढी आणण्याचा मोह संपला. योजनेसाठी वर्षाला अडीच कोटी युरोंची तरतूद होती.

पैसे नेमके कशाचे?

जनावराला उपाशी ठेवू नये, आजारी पडले तर उपचार करावेत, हे तर कायद्यानेच बंधनकारक आहे. त्याबद्दल अनुदान कसे देणार? शिक्षकाने वर्गावर जावे हे त्याचे कामच आहे. त्यासाठी वेगळा भत्ता नसतो. युरोपीय संघाच्या २०१३ च्या ग्रामविकास नियमावलीतही हेच तत्त्व आहे. कायद्याने सांगितलेल्या किमान काळजीच्या पलीकडे शेतकऱ्याने जे जास्तीचे केले, त्याचा खर्च आणि त्यापायी बुडालेले उत्पन्न, एवढेच भरून द्यायचे. त्याला बक्षीस म्हणता येणार नाही, ती भरपाई आहे.

मग 'जास्तीचे' म्हणजे काय, त्याची यादी करण्यात आली. गाभण मेंढ्यांची सोनोग्राफी, लेंडीतील जंतांच्या अंड्यांची मोजणी, लंगडेपणावर नियंत्रण, खनिजांची पूर्ती, माश्यांपासून संरक्षण, डोंगराळ भागात आईपासून तोडलेल्या कोकरांना खुराक, अशी कामे तिच्यात होती. यांतून शेतकऱ्याने दोन कामे निवडायची, ती करायची, त्यांची नोंद वहीत ठेवायची आणि पावत्या जपायच्या. तपासणीला अधिकारी आला की वही आणि पावत्या दाखवायच्या.

यादी कोरडी वाटते. पण तिच्यातील एकेका कामामागे मेंढीच्या शरीराची एकेक कथा आहे. त्यांतील तीन आपण पाहू.

पोटात किती कोकरे?

मेंढीचा गर्भकाळ सुमारे पाच महिन्यांचा, म्हणजे साधारण १४७ दिवसांचा असतो. गंमत अशी की गर्भाच्या वाढीतील जवळजवळ ७० टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते. पोटात दोन किंवा तीन कोकरे असतील तर या दिवसांत गर्भाशय एवढे मोठे होते की पोटाच्या पहिल्या कप्प्याला, म्हणजे रूमेनला, जागाच उरत नाही. म्हणजे ज्या दिवसांत अन्नाची गरज सर्वांत जास्त, त्याच दिवसांत मेंढीला खाता येते सर्वांत कमी!

तूट भरून काढण्यासाठी मेंढीचे शरीर साठवलेली चरबी वापरू लागते. ही चरबी मोठ्या प्रमाणात यकृताकडे येते. ती सगळी पूर्णपणे वापरली जात नाही आणि रक्तात कीटोन नावाची द्रव्ये साचतात. मेंढी सुस्तावते, कळपापासून दूर उभी राहते, तिला दिसेनासे होते, ती आडवी पडते आणि पुष्कळदा मरते. मेंढपाळ याला 'जुळ्यांचा आजार' म्हणतात. मधुमेहात उपचाराअभावी रक्तात कीटोन वाढतात हे आपण ऐकलेले असते. रसायन तेच, कारण वेगळे.

यावर उपाय औषधापेक्षा गणिताचा आहे. मेंढा लागल्यापासून ८० ते ९० दिवसांच्या सुमारास सोनोग्राफी केली की कोणाच्या पोटात एक, कोणाच्या दोन, कोणाच्या तीन आणि कोणाचे रिकामे, हे कळते. मग कळपाचे गट पाडता येतात. समजा १०० मेंढ्यांपैकी ५ रिकाम्या, ३० एकवाल्या, ६० जुळेवाल्या आणि ५ तिळेवाल्या निघाल्या. सगळ्यांना सारखाच खुराक दिला असता तर एकवालीचे कोकरू फार मोठे होऊन ती अडली असती आणि तिळेवाली उपाशी राहिली असती. आता तोच खुराक ज्याच्या-त्याच्या गरजेप्रमाणे वाटता येतो. खर्च फार वाढत नाही, त्रास मात्र कमी होतो.

लेंडीतली अंडी

दुसरे काम जंतांचे. कुरणात चरणाऱ्या मेंढीच्या आतड्यात जंत असणारच. ते अंडी घालतात, अंडी लेंडीतून गवतावर पडतात, अळ्या गवताच्या पात्यांवर चढतात आणि पुन्हा मेंढीच्या पोटात जातात. कोकरांना याचा फार त्रास होतो. हगवण लागते आणि वाढ खुंटते.

सोपा उपाय म्हणजे सगळ्या कळपाला ठरावीक दिवसांनी जंताचे औषध पाजणे. अनेक वर्षे तेच चालले होते. पण प्रत्येक वेळी औषधाने न मरणारे थोडे जंत उरतात आणि पुढची पिढी त्यांचीच होते. डार्विनचा नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मेंढीच्या आतड्यात काही वर्षांतच खरा होऊन दाखवतो. आज आयर्लंडमध्ये जुन्या औषध-गटांना न जुमानणारे जंत जागोजाग सापडतात. म्हणून आता प्रश्न 'औषध कधी पाजायचे' यावर थांबत नाही. 'पाजायची गरज आहे का, आणि पाजल्यावर ते चालले का' हेही विचारावे लागते. उत्तर लेंडीत मिळते.

पद्धत अशी. कळपातील दहा-बारा कोकरांची ताजी लेंडी गोळा करायची. त्यातील ३ ग्रॅम घेऊन ४२ मिलिलिटर संपृक्त मिठाच्या पाण्यात कालवायची आणि गाळायची. मिश्रण झाले ४५ मिलिलिटर. मिठाच्या पाण्याची घनता जास्त असल्याने जंतांची अंडी वर तरंगतात आणि कचरा बराचसा खाली बसतो. साध्या पाण्यात बुडालेले कोंबडीचे अंडे मीठ घातल्यावर वर येते, हा प्रयोग आपण वर्गात करतोच. तत्त्व अगदी तेच. फक्त ही अंडी एक दशांश मिलिमीटरपेक्षाही लहान. हे द्रव मॅकमास्टर नावाच्या, आखलेले दोन कप्पे असलेल्या काचपट्टीत भरतात. प्रत्येक कप्प्यात आखणीखाली ०.१५ मिलिलिटर, दोन्ही मिळून ०.३ मिलिलिटर द्रव मावते.

आता हिशेब करू. ४५ मिलिलिटरमध्ये ३ ग्रॅम लेंडी, म्हणजे ०.३ मिलिलिटरमध्ये ०.०२ ग्रॅम. एका ग्रॅमच्या हा पन्नासावा भाग. म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या अंड्यांना ५० ने गुणले की एका ग्रॅममधील अंडी मिळतात. १२ दिसली तर ६००. औषध पाजल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा मोजायचे. समजा आता ३ दिसली, म्हणजे १५०. घट ७५ टक्के. औषध नीट चालले असेल तर ती ९५ टक्के किंवा जास्त हवी. म्हणजे या कळपात त्या औषधाचे दिवस भरत आले आहेत.

इथे एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. सरकारने पैसे औषध पाजण्याचे ठेवले नाहीत, मोजण्याचे ठेवले. औषधाचे ठेवले असते तर औषध जास्त खपले असते, आणि न मरणारे जंत आणखी लवकर वाढले असते.

लंगडी मेंढी

तिसरे काम खुरांचे. ओल्या कुरणात मेंढ्यांच्या खुरांमधली कातडी भिजून मऊ होते. तिच्यात डायकेलोबॅक्टर नोडोसस हा जिवाणू शिरतो. हा प्राणवायू टाळणारा जिवाणू. खुराच्या कठीण आवरणाखाली तो सुरक्षित राहतो आणि आवरण आतल्या मांसापासून सुटू लागते. मेंढीला पाय टेकवत नाही. पुढचे दोन्ही पाय दुखत असतील तर ती गुडघे टेकून चरते.

यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला उपाय होता खूर तासण्याचा. सडलेला भाग कापून टाकला, हवा लागली, की जिवाणू मरेल, असा तर्क. तर्कात चूक दिसत नाही. पण ब्रिटनमध्ये वॉरिक विद्यापीठाच्या संशोधकांनी हा तर्क प्रत्यक्ष तपासला. काही लंगड्या मेंढ्यांना खूर न तासता वेळीच प्रतिजैविक दिले. काहींचे खूर तासले. न तासलेल्या मेंढ्या लवकर बऱ्या झाल्या. तासण्याने नाजूक भागाला इजा होत होती आणि बरे होणे लांबत होते. आता भर आहे तो लंगडी मेंढी लवकर ओळखणे, वेगळी काढणे, तिच्यावर उपचार करणे आणि कळपाला झिंक सल्फेटच्या द्रावणातून चालवणे यांवर.

शिबिरातल्या बाईंच्या प्रश्नाशी आपण इथे पुन्हा येऊन पोचतो.

पावती आणि मेंढी

कल्पना करा, की अशी योजना काही दशके आधी आली असती आणि तिच्या यादीत 'खूर तासणे' हे काम असते. शेतकऱ्यांनी प्रामाणिकपणे खूर तासले असते, वहीत नोंद केली असती, पैसे मिळाले असते. तपासणी चोख झाली असती. आणि मेंढ्यांना त्रास जास्त झाला असता!

असाच धोका खनिजांचा आहे. कोबाल्ट कमी पडले तर रूमेनमधल्या सूक्ष्मजीवांना ब१२ जीवनसत्त्व बनवता येत नाही आणि चांगल्या कुरणातही कोकरे खंगतात. हे कोडे १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियात उलगडले. तिथे कोबाल्ट देणे हे जीवदानच. पण तांबे मात्र जपून द्यावे लागते. मेंढीच्या शरीरातून जादा तांबे सहज बाहेर पडत नाही. ते यकृतात साचत जाते आणि एक दिवस विष ठरते. तेव्हा 'खनिजे दिली' एवढ्या पावतीवरून मेंढीचे भले झाले की वाईट, हे सांगता येत नाही. आधी त्या जमिनीत, त्या गवतात, त्या रक्तात काय कमी आहे ते तपासावे लागते.

म्हणजे सरकार मोजते ती कृती, आणि हवी असते ती मेंढीची अवस्था. या दोहोंना जोडणारा पूल विज्ञानाने बांधावा लागतो. पूल कच्चा असेल तर पैसे एका काठावर आणि मेंढी दुसऱ्या काठावर राहते.

मग थेट मेंढीची अवस्थाच का मोजू नये? या दिशेने बरेच काम झाले आहे. १९६५ साली ब्रिटनमध्ये ब्रॅम्बेल समितीने पाळीव जनावरांच्या किमान गरजा मांडल्या. त्यांतून पुढे 'पाच स्वातंत्र्ये' ही कल्पना आली: भूक-तहान, गैरसोय, वेदना-आजार आणि भीती यांपासून मुक्ती, आणि स्वाभाविक वागण्याची मोकळीक. २००९ पासून अमलात असलेल्या लिस्बन करारात तर जनावरे संवेदनशील आहेत आणि धोरण आखताना त्यांच्या कल्याणाचा विचार झाला पाहिजे, असे युरोपीय संघाने लिहूनच ठेवले.

अडचण मेंढीच्या स्वभावाची आहे. ती शिकार होणारा प्राणी. दुखणे दाखवणारी मेंढी लांडग्याच्या नजरेत आधी भरते. म्हणून ती दुखणे लपवते. तरी चेहरा पूर्ण लपत नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली मेंढीच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. डोळे आकसणे, गालांचे स्नायू ताणणे, कान मागे वळणे, ओठ आणि नाकपुड्यांचा बदललेला आकार, यांना गुण द्यायचे. खुराच्या आजाराने दुखावलेल्या मेंढ्यांचे गुण जास्त आले आणि उपचारानंतर ते खाली आले.

आणखी जुनी आणि साधी पद्धत हाताची. लोकरीमुळे मेंढी गुबगुबीत दिसते. तिच्या आत हाडे वर आलेली असू शकतात. म्हणून शेवटच्या बरगडीमागे, कमरेच्या मणक्यांवर बोटे ठेवून मांस आणि चरबी चाचपायची आणि १ ते ५ गुण द्यायचे. हाडांची टोके बोचली तर १, सापडलीच नाहीत तर ५. सरावाने दोन माणसांचे गुण बरेचसे जुळू लागतात.

पण या अवस्थेवरच पैसे ठरवले तर काय होईल, याचाही विचार करावा लागतो. 'लंगड्या मेंढ्या जितक्या कमी, तितके पैसे जास्त' असा नियम केला तर जो शेतकरी लक्ष देऊन प्रत्येक लंगडी मेंढी वहीत लिहितो, तोच तोट्यात जाईल. ज्याच्या वहीत काहीच नाही तो फायद्यात राहील. शिवाय ओल्या वर्षी सगळ्यांच्याच मेंढ्या जास्त लंगडतील. तो दोष पावसाचा. म्हणून नोंद करण्याला शिक्षा होणार नाही, अशी रचना हवी. त्या दृष्टीने कृतीचे पैसे देणे ही तडजोड वाईट नाही. फक्त कृती निवडताना काळजी घ्यायची. आमच्या मते यादीतली उत्तम कामे ती, ज्यांत शेतकऱ्याला मेंढीकडे पाहावे लागते, तिला हात लावावा लागतो, तिच्याविषयी एखादा आकडा मिळतो आणि त्या आकड्यावर पुढचा निर्णय ठरतो. सोनोग्राफी, अंड्यांची मोजणी, मणक्यांवरचा हात ही तशी कामे आहेत.

पुढे काय झाले?

पहिली योजना संपल्यावर आयर्लंडमध्ये २०२३ पासून मेंढी-सुधार योजना आली. तिच्यात रक्कम १२ युरो झाली आणि आनुवंशिक तपासणी झालेला चांगला मेंढा विकत घेण्याचे कामही आले. २०२४ साठी तिच्या जोडीला ८ युरोंची आणखी एक राष्ट्रीय मेंढी-कल्याण योजना जाहीर झाली. २०२५ साठी ही रक्कम १३ करण्यात आली, म्हणजे दोन्ही मिळून मेंढीमागे २५ युरो. या नव्या योजनेच्या यादीत मणक्यांवर हात ठेवून गुण देणे आहे, आंत्रविषारासारख्या रोगांविरुद्धचे लसीकरण आहे, खरजेच्या किड्यांसाठी मेंढ्यांना औषधाच्या हौदात बुडवून काढणे आहे आणि लोकर कातरणेही आहे. लोकरीला भाव नसला म्हणून मेंढी कातरायची थांबली, तर उन्हाळ्यात मळकट लोकरीत हिरव्या माश्या अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या जिवंत मेंढीची कातडी खातात. बाजार ज्या कामाचे पैसे देत नाही, पण मेंढीला ज्याची गरज आहे, ते काम चालू ठेवण्यासाठी हे पैसे.

आता एक अवघड प्रश्न. हे खरोखर मेंढीचे कल्याण आहे, की शेतकऱ्याला मदत करण्याचा सभ्य मार्ग? टीकाकार दुसरे म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. चॅगस्क ही आयर्लंडची कृषी-संशोधन संस्था दरवर्षी शेतांची पाहणी करते. तिच्या आकड्यांत मेंढीपालन करणाऱ्यांचे थेट अनुदान कित्येक वर्षी त्यांच्या निव्वळ उत्पन्नापेक्षाही जास्त दिसते. म्हणजे अनुदान काढले तर हा धंदा तोट्यातच आहे. पण तोट्यातला शेतकरी सर्वांत आधी काय वाचवेल? सोनोग्राफीचा आणि तपासणीचा खर्च. शेतकरी आणि मेंढी यांचे भले पूर्णपणे वेगळे काढता येत नाही. मात्र ते एकच आहे असेही समजू नये. नाहीतर १९८० ची चूक पुन्हा होते.

आपल्याकडे पाहताना

महाराष्ट्रातही २०१७ मध्ये राजे यशवंतराव होळकर महामेष योजना सुरू झाली. तिच्यात २० मेंढ्या आणि १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर देण्याची सोय आहे. तिचा हेतू मेंढपाळाला उभे करण्याचा आहे. पावसापाण्यात वाडा पाठीवर घेऊन फिरणारा आपला धनगर आणि कुंपणातल्या कुरणाचा मालक असलेला आयरिश शेतकरी यांची परिस्थिती सारखी नाही, म्हणून एकाची योजना दुसऱ्याला जशीच्या तशी लागू करता येणार नाही. पण आंत्रविषार, जंत आणि खूर यांना देशांच्या सीमा नसतात. लोकरीखाली हात घालून मणका चाचपणे आपल्या मेंढपाळांना नवे नाही. मेंढी विकत घेताना ते तेच करतात. आपल्या गावाजवळ मेंढ्या बसल्या असतील तर मुलांना घेऊन जरूर जावे. मेंढी बारीक आहे की नाही हे आधी फक्त पाहून सांगायला लावावे, मग मेंढपाळाच्या परवानगीने हात लावून. नंतर हात साबणाने स्वच्छ धुवावेत. दोन्ही उत्तरांत किती फरक पडतो, त्याचा तक्ता मुलांनीच करावा. अंड्यांच्या मोजणीचे वरचे गणित सातवी-आठवीच्या मुलांना सहज जमते.

आणि बाईंच्या प्रश्नाचे उत्तर? काळजी नीट घेतली, हे सरकारला पूर्णपणे कळत नाही. त्याला वही कळते. वहीतल्या नोंदीवरून मेंढीपर्यंत पोचता येईल अशी नोंद कोणती, हे ठरवणे हे विज्ञानाचे काम, आणि ते अजून चालू आहे. शिक्षकांना हे काही नवे नाही. हजेरीपटावरून मूल वर्गात होते एवढे कळते. ते शिकले का, हे पाहायला त्याच्याजवळ जाऊन बसावेच लागते.